पडद्यावर ‘बंद’, पोर्टवर पाच व्होल्ट

युरोपीय संघाने फोनपाठोपाठ लॅपटॉपलाही टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलं आणि त्यासाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवून दिली. सगळ्या उपकरणांना एकच केबल चालणार, हे चांगलंच झालं. पण त्या पोर्टमधून वाहणारी वीज वापरणाऱ्याला हवी तेव्हा तोडता येते का, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

संगणकाला लावलेला यूएसबीचा छोटा दिवा पडद्यावरून बंद करायचा म्हटलं, तर तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये सापडतच नाही. यूएसबी २.० च्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. दिवा किंवा पंखा फक्त विजेच्या तारा वापरतो. तो जोडला आहे, याचा संगणकाला पत्ताच नसतो.

वेबकॅमची गोष्ट वेगळी. तो यादीत दिसतो, ‘डिसेबल’ही होतो. पण त्याने फक्त ड्रायव्हर बाजूला होतो, पोर्टवरचे पाच व्होल्ट तसेच राहतात. ‘सस्पेंड’ म्हणजेही वीज तोडणं नव्हे. तारेवर तीन मिलिसेकंद काहीच हालचाल झाली नाही की उपकरणाने झोपी जायचं आणि विजेचा वापर फार तर अडीच मिलिअँपिअरवर आणायचा, असा नियम आहे. झोपायचं काम उपकरणाचं, पुरवठा सुरूच.

याने बिघडतं काय? दूरच्या कुलूपबंद खोलीतला संगणक फोरजी डोंगलवर चालतो आहे आणि डोंगल अडकला, असं समजा. तो काढून पुन्हा लावला की बहुतेक वेळा ताळ्यावर येतो. नुसतं रीस्टार्ट करून भागेलच असं नाही, कारण अनेक संगणकांत रीस्टार्ट होतानाही पोर्टची वीज जात नाही. मग एवढ्यासाठी माणूस पाठवावा लागतो.

हे टाळायची सोय २००० साली आलेल्या यूएसबी २.० च्या नियमांतच आहे. ‘अमुक पोर्टची वीज तोड’ असा आदेश संगणक हबला, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या उपकरणाला, देऊ शकतो. हबही जोडला जाताना सांगतो, की त्याचे पोर्ट एकेक करून बंद होतात की सगळे एकदम. संगणकाच्याच विजेवर चालणाऱ्या हबला असा स्विच सक्तीचा आहे. स्वतःचा अडॅप्टर असलेल्याला ऐच्छिक. प्रत्यक्षात खर्च वाचवण्यासाठी अनेक उत्पादक स्विचच गाळतात. त्याहून वाईट म्हणजे काही हब ‘प्रत्येक पोर्ट वेगळा बंद होतो’ असं सांगतात, आदेश मिळाल्यावर ‘बंद केला’ असं कळवतातही. माहितीची देवाणघेवाण थांबते, वीज वाहतच राहते. ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे.

या बाबतीत खरं काम केलं आहे वादिम मिखाइलोव यांनी. त्यांचं ‘यूहबसीटीएल’ हे मोफत साधन हबला हा आदेश देतं. पण त्याहून मोलाची आहे सोबतची यादी: कोणता हब खरोखर वीज तोडतो, हे लोकांनी स्वतः तपासून त्यात नोंदवलं आहे. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांचं उत्पादन आता थांबलं आहे. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाचे चारही यूएसबी पोर्ट एकदमच बंद होतात, ही माहितीही तिथे मिळते. यूएसबी ३ च्या हबमध्ये संगणकाला एकाच खोक्यात दोन हब दिसतात, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या. दोन्हीकडून आदेश गेल्याशिवाय वीज तुटत नाही. एकच बाजू बंद करून ‘हब खराब आहे’ असा निष्कर्ष काढणं त्यामुळे घाईचं ठरतं.

टाइप-सीसाठी भारतीय मानक ब्युरोनेही मानक प्रसिद्ध केलं आहे. पोर्टनिहाय वीज खरोखर तुटते की नाही, ही एक ओळ हबच्या खोक्यावर छापण्याची सक्ती करणं ब्युरोला अवघड नाही. ती व्हायलाच हवी.

वीज सुरू राहण्याचं कारण दरवेळी हबच असतो असं मात्र नाही. डेस्कटॉप बंद केल्यावरही कीबोर्डचे दिवे जळत राहत असतील, तर तो दोष हबचा नाही. पॉवर सप्लायची पाच व्होल्टची एक वाट संगणक बंद असतानाही चालू असते. अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ‘ईआरपी’ नावाचं सेटिंग असतं. ते सुरू केलं की शटडाउननंतर यूएसबीची वीज जाते. मात्र मग कीबोर्डची कळ दाबून संगणक सुरू होत नाही आणि बंद संगणकावर रात्री फोनही चार्ज होत नाही.