कुत्र्याचे मागचे पाय गेले तर

गटाच्या बैठकीत गाई-शेळ्यांच्या आजारांवर आपण तासभर बोलतो, पण कुत्र्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "कुत्रंच ते, त्याचं काय एवढं!" जुन्नर-आंबेगावात उसाला लागून ज्यांची घरं आहेत त्यांना विचारा, रात्री बिबट्या आल्याचं आधी कोण सांगतं? तोच कुत्रा एखाद्या सकाळी मागचे पाय फरफटत अंगणात येतो आणि घरात लगेच निकाल लागतो, "गेला आता हा." हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

पाठीच्या दोन मणक्यांमध्ये एक गादी असते, बाहेरून चिवट आणि आतून मऊ. नारायणगावच्या बाजारात क्रेटमध्ये दबलेला टोमॅटो फुटून गर बाहेर येतो ना, तसा या गादीचा गाभा बाहेर येतो आणि मज्जारज्जूवर दाब पडतो. मग पाठ दुखते, पाय लटपटतात, कधी पूर्ण लुळे पडतात. डॅशहंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या जातीत हे साधी उडी मारतानाही होतं. आपल्या गावठी कुत्र्याला गाडीची धडक बसलेली असते, नाहीतर बिबट्याशी झटापट झालेली असते. अशा वेळी मणका मोडलेलाही असू शकतो आणि ते बाहेरून कळत नाही. म्हणून पाठ चोळणं, शेकणं, पाय ओढून बघणं, यातलं काहीच करू नका.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. मार लागल्याचं कुणी पाहिलेलं नाही, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, पाणी गिळता येत नाही, अशी लक्षणं असतील तर तो रेबीज असू शकतो. पिसाळलेला कुत्रा दरवेळी अंगावर धावून येतोच असं नाही, काही नुसते लुळे पडतात. त्याच्या तोंडात हात घालू नका, मुलांना लांब ठेवा, डॉक्टरांना बोलवा. चावला किंवा लाळ जखमेला लागली तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

मार लागलेल्या कुत्र्याला उचलताना फळीवर किंवा ताणून धरलेल्या पोत्यावर सरकवून घ्या. दुखण्यापायी मायेचा कुत्राही चावतो, तेव्हा तोंडाकडून जपून. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारून बघा. डॉक्टर बोट जोरात चिमटून बघतील. पाय नुसता आखडला तर ते धरत नाहीत. कुत्रा वळून बघतो का, ओरडतो का, हे महत्त्वाचं. दुखणं कळत असेल तर बरेच कुत्रे ऑपरेशनशिवायही पुन्हा चालतात. कळत नसेल तर ऑपरेशनचा निर्णय तासांत घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मुंबईला परळच्या किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी लागते. खर्च मोठा असतो. आमचं मत विचाराल तर आकडा आणि आशा, दोन्ही डॉक्टरांकडून नीट ऐकल्याशिवाय गटातून कर्ज उचलू नये.

आणि आपली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनची गोळी त्याला कधीच देऊ नका. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीबरोबर दुसरी कुठली गोळीही मनाने जोडू नका.

आता घरचं काम. पहिले ४ ते ६ आठवडे सक्तीची विश्रांती. पडवीच्या किंवा घराच्या कोपऱ्यात फळ्या लावून एवढीच जागा करा, की त्याला उभं राहून वळता येईल, पण पळता-उडता येणार नाही. गोळ्यांनी दुखणं थांबलं की कुत्रा शेपूट हलवत बाहेर यायला बघतो आणि घरातले म्हणतात, "बरा झाला, सोडा त्याला." सगळा घात इथेच होतो. फाटलेली गादी अजून भरलेली नसते.

दुसरं, लघवी. मागचे पाय गेले की लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो. थेंब थेंब गळते म्हणजे होते असं समजू नका, पिशवी तुंबून वरचं सांडत असतं. अशा वेळी दिवसातून ३-४ वेळा पोट हाताने दाबून पिशवी रिकामी करावी लागते. मागच्या पायांपुढे, पोटात फुग्यासारखी गोल गाठ लागते. दोन्ही हातांनी सावकाश, एकसारखा दाब द्यायचा, झटका नाही. हे डॉक्टरांसमोर एकदा स्वतः करून शिकून घ्या. लघवीला घाण वास आला, रक्त दिसलं किंवा दाबूनही उतरत नसेल, तर थांबू नका.

खाली जाड गोधडी, वर धुता येईल असं फडकं. दर चार तासांनी कूस बदला, नाहीतर कमरेच्या हाडावर जखम होते, आणि पावसाळ्यात माशी बसली की तिथे अळ्या पडायला वेळ लागत नाही. हे सगळं बाईच्याच अंगावर येतं, हे आम्हाला ठाऊक आहे. कूस बदलणं, फडकी धुणं मुलांना आणि घरधन्यालाही जमतं, पाळ्या लावा.

रात्री त्याला दाराला कडी लावून आतच घ्या. माणिकडोहच्या निवारा केंद्रात बिबट्यांवर उपचार होतात, पण आपल्या अंगणातला लुळा कुत्रा त्यांच्यासाठी आयती शिकार आहे.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच व्यायाम. आडवं झोपवून मागचा एकेक पाय सायकल चालवल्यासारखा हळू १० वेळा हलवा. मग पोटाखालून टॉवेल घालून कंबर उचलून धरा आणि चार पावलं चालवा, निसरड्या फरशीवर नको, मातीच्या अंगणात. काहींना पाय टाकायला दोन-तीन महिने लागतात. काहींचे पाय परत येत नाहीत, तरी चाकांच्या गाड्यावर तो हिंडतो, भुंकतो. वेदना कशानेच थांबत नसतील तर त्याला शांतपणे झोपवण्याबद्दलही डॉक्टरांशी बोलावं, आणि ते बोलणं पहिल्या दिवशीच्या घाईत करू नये.