मधपेटीला मेणकिडा लागू देऊ नका



पावसाळ्यात फुलोरा घटला की वसाहतीतल्या माश्या कमी होतात अन् पोळी उघडी पडतात. मेणकिडा हीच संधी साधतो. त्याचा पतंग रात्री पेटीच्या फटींत अंडी घालतो. अळ्या मेण पोखरतात, पोळ्यांत जाळी विणतात. वेळीच लक्ष दिले नाही, तर सातेरी माश्या पेटी सोडून निघून जातात.

म्हणून दर आठवड्याला, उघडीप पाहून, पेटी तपासा. तळपाटावर काळी, रव्यासारखी विष्ठा किंवा पोळ्यात जाळी दिसली, की कीड लागली असे समजा.

मग असे करा :

१) तळपाट खरवडून स्वच्छ करा, फटी बुजवा.
२) माश्यांनी न झाकलेली रिकामी पोळी काढा. किडलेली पोळी फेकू नका. गरम पाण्यात वितळवा.
३) साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा. बाहेर सांडला तर दुसऱ्या माश्या लुटायला येतात.
४) मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा.

पेटीत कीटकनाशक भुकटी मात्र कधीही टाकू नका, माश्याच मरतील. माश्यांनी गच्च भरलेली वसाहत आपली राखण आपणच करते.