खराट्याच्या काडीचा भाला

तान्हा पोळा आटोपला की लाकडी नंदी पुन्हा माळ्यावर जातो आणि रंगाच्या डब्या तळाशी थोड्या थोड्या उरतात. दोन वर्षांपूर्वी तसंच झालं. शिंगांचा लाल, झुलीचा पिवळा, खुरांचा काळा असं सगळं उरलं होतं. आणि घरात धाकट्या भावाची एक पिशवी होती, आठवडी बाजारातून आणलेली. हिरव्या प्लॅस्टिकचे शिपाई, बोटाएवढे, सगळ्यांच्या हातात बंदूक. एकाला पागोटं रंगवून बघावं म्हणून बसलो तो संध्याकाळ झाली.

आबा छपरीत आले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पोया तं झाला ना बे. आता हे कायले रंगवून राह्यला?”

उत्तर तेव्हा नव्हतं. आजही एका वाक्यात देता येत नाही.

जगात हा चांगला मोठा छंद आहे. छोटे शिपाई जमवायचे, एकेक रंगवायचा, टेबलावर डोंगर-नदी-गाव मांडायचं आणि फासे टाकून लढाई खेळायची. ‘टाइम मशीन’ लिहिणारे एच. जी. वेल्स हे मोठं नाव, पण त्यांनी 1913 साली ‘लिटिल वॉर्स’ नावाचं पुस्तक काढलं, ते फक्त खेळण्यातल्या शिपायांनी लढाई कशी खेळावी यावर. खेळातल्या तोफेतून काडी उडवायची आणि जो पडला तो मेला, इतका साधा हिशोब. पुढे नियम वाढत गेले, वेगवेगळ्या काळांचे संच निघाले. त्यातला युरोपच्या रेनेसाँचा, म्हणजे साधारण 1450 ते 1600 चा काळ रंगवणाऱ्यांचा खास लाडका. कारण एकच, कपडे!

त्या काळात जर्मन भाडोत्री पायदळ होतं, लांड्सक्नेख्ट नावाचं. फुगीर बाह्या, त्या जागोजागी चिरलेल्या, चिरांमधून आतलं दुसऱ्या रंगाचं कापड बाहेर डोकावतंय, एक पाय पिवळा तर दुसरा निळा-पांढरा पट्ट्यांचा, टोपीवर शहामृगाची पिसं. सम्राट मॅक्सिमिलियननं म्हणे यांना भडक कपड्यांची मुभा दिली होती, कारण बिचाऱ्यांचं आयुष्य आधीच थोडं. खरंखोटं बाजूला ठेवू, पण असे शंभर जण शेजारी शेजारी उभे केले, प्रत्येकाच्या हातात पाच मीटरचा भाला, तर टेबलावर जे दिसतं ते आमच्या जत्रेपेक्षा कमी नसतं. मोबाइलवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्री झोप आली नाही.

मग किंमत बघितली. टपालखर्च आणि जकात धरून चाळीसेक शिपायांचा एक डबा घरी येईपर्यंत चार हजारांच्या घरात गेला असता. इकडे कापूस वेचायला जाणारी बाई आठवड्यात किती घरी नेते ते मला माहीत आहे. आईजवळ विषयही काढला नाही.

पण एक गोष्ट डोक्यात बसली होती. लांड्सक्नेख्टांची गाजलेली लढाई पाव्हियाची, 24 फेब्रुवारी 1525. त्यात फ्रान्सचा राजाच कैद झाला. त्यानंतर चौदा महिन्यांत पानिपत, बाबर आणि इब्राहिम लोदी. म्हणजे शाळेत दोन वेगळ्या धड्यांत, दोन वेगळ्या वर्षी शिकलेल्या गोष्टी एकाच काळातल्या! मग आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? शोधत गेलो तर ‘त्यांचा’ रेनेसाँ थेट आपल्या किनाऱ्यावर उभा. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशाहच्या फौजेनं रेवदंड्याजवळच्या चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला होता. त्याच 1571 च्या ऑक्टोबरात तिकडे भूमध्य समुद्रात लेपांतोची प्रसिद्ध आरमारी लढाई झाली. लेपांतोवर हवे तेवढे शिपाई विकत मिळतात. चौलवर, निजामशाहीवर, म्हणजे आपल्या बाजूच्या माणसांवर, मी शोधलं तिथं मला काही सापडलं नाही.

नाही मिळत तर करायचे.

करायची रीत सांगतो, कुणाला हात घालायचा असेल तर. बाजारातला प्लॅस्टिकचा शिपाई आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकवर तेलकटपणा असतो, त्यावर रंग टिकत नाही. हे मला पहिले अकरा शिपाई सोलून निघाल्यावर कळलं. मग ब्लेडनं बंदूक आणि हेल्मेटची कड कापायची. त्यावर एम-सील. हो, नळ गळायला लागला की लावतात तेच. दोन गोळे मळून एकत्र केले की थोडा वेळ ते मऊ राहतं, तेवढ्यात पागोटं गुंडाळायचं, जाम्याचा घेर काढायचा, टाचणीनं चुण्या पाडायच्या. बोटं ओली ठेवा, नाहीतर पागोटं बोटालाच चिकटून येतं.

भाल्याला खराट्याची काडी. इथं गणित लागतं. शिपाई साधारण सव्वापाच सेंटीमीटरचा, म्हणजे खऱ्या माणसाचा बत्तिसावा भाग. पाच मीटरचा युरोपी भाला या मापात पंधरा सेंटीमीटरचा होतो, शिपायाच्या जवळपास तिप्पट! हातात धरून बघितल्यावर कळतं की एवढी काडी घेऊन एकटा माणूस काहीच करू शकत नाही, वळतासुद्धा येत नाही. शेजारचे पन्नास जण सोबत वळले तरच तो भाला कामाचा. पुस्तकात हे वाचलं होतं, समजलं ते खराट्यामुळे.

तोफही झाली. ‘मलिक-ए-मैदान’ 1549 मध्ये अहमदनगरात, आताच्या अहिल्यानगरात, ओतली गेली. ओतणारा मुहम्मद रूमी, म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला कारागीर. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. लांबी सुमारे साडेचार मीटर, जाडी दीड मीटर, वजन पन्नास टनांच्या वर. भागिले बत्तीस केलं तर चौदा सेंटीमीटर लांब आणि पाचाला थोडी कमी जाड. घरभर शोधलं आणि अगदी त्याच मापाची वस्तू सापडली, खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली. खऱ्या तोफेच्या तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि जबड्यात हत्ती. माझा सिंह जरा मांजरासारखा झालाय, पण हत्ती जमला.

पायाखाली पुठ्ठ्याची चकती, त्यावर फेव्हिकॉल आणि चाळलेली पैनगंगेची रेती. युरोपातली मंडळी अशी रेती पाकिटात विकत घेतात म्हणे. आपल्याला नदीवर जावं लागतं, तेवढंच.

रंग मात्र नीट घ्या. नंदीचा ऑइल पेंट जाड बसतो आणि पागोट्याच्या सगळ्या चुण्या बुजवून टाकतो. ॲक्रिलिकच्या छोट्या डब्या आणि तीन शून्यांचा ब्रश मी वणीहून आणतो. एक जाड थर कधीच द्यायचा नाही, पाणी घालून दोन-तीन पातळ थर द्यायचे. शेवटी काळपट तपकिरी रंग अगदी पाण्यासारखा करून अंगभर सोडायचा. तो आपोआप खोबणीत उतरतो, उंचवटे उजळ राहतात आणि चेहऱ्याला एकदम डोळे-नाक येतं. त्या क्षणासाठी मी हे सगळं करतो, असं आबांना सांगायला हरकत नाही.

खरी अडचण हाताची नाहीच. प्रश्न असा की जामा कुठल्या रंगाचा?

लांड्सक्नेख्टाच्या मोज्याची शिवणसुद्धा माहीत आहे, कारण त्यांच्या काळातल्या चित्रकारांनी ढिगानं छापचित्रं करून ठेवली. आपल्याकडे आपण काय करतो? दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा असो की सिनेमातला, सगळ्यांना एकच भगवा, एकच लाल. मीही आधी तेच केलं. मग कळलं की अगदीच अंधार नाही. हुसेन निजामशाहवर लिहिलेलं ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे सोळाव्या शतकातलं सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात 1565 च्या तालिकोटच्या लढाईची चित्रं आहेत. विजापूरचं 1570 चं ‘नुजूम-उल-उलूम’ डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे, त्यात हत्यारांची चित्रं आहेत. रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात पोर्तुगीजांसाठी कुणा अनाम चित्रकारानं 1540 च्या सुमारास रंगवलेला संग्रह आहे, त्यात किनाऱ्यावरची साधी माणसंही दिसतात. पुणं, डब्लिन, रोम! मूळ पानं मी बघितलेली नाहीत, छापलेली आणि स्क्रीनवरची चित्रं मोठी करून बघतो. पण ती बघितल्यापासून माझ्या निजामशाही शिपायांमध्ये पांढरा, फिकट हिरवा, जांभळट असे रंग आलेत आणि रांग एकदम माणसांची वाटायला लागली.

गेल्या दिवाळीत अहमदनगरचा वेढा मांडला. 1595 च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद किल्ल्यापुढे येऊन बसला. आत चाँदबिबी. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले, आतल्यांनी काही शोधून निकामी केले, एक उडाला आणि तटाला खिंडार पडलं. चाँदबिबी स्वतः तिथं उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतलं. नियम आम्ही साधेच केले. बाजूला बारा-बारा तुकड्या, सापशिडीचे फासे, मोठा आकडा जिंकतो, उंचावरच्याला एक जास्त. मामेभाऊ मोगल. तीन संध्याकाळी खेळलो आणि तट टिकला.

पण इतिहासात तट टिकला तरी तह झाला. 1596 च्या त्या तहात निजामशाहीनं मोगलांना दिलं काय, तर वऱ्हाड. मामेभाऊ नियमांवर बोट ठेवून म्हणाला, “मंग दे वऱ्हाड.” आबा खाटेवरून ऐकत होते. “म्हंजे लढले ते तिकडं,” ते म्हणाले, “अन् गेलो आपन?”

तेव्हापासून मला तटावरच्या फौजेपेक्षा आपल्या कोपऱ्यातलं कोण होतं ते करावंसं वाटतं. वणी ओलांडून पुढं गेलं की चंद्रपूर, गोंड राजांची राजधानी. तिथला सुमारे अकरा किलोमीटरचा परकोट अजून उभा आहे. अकबराच्या दरबारातल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाडच्या वर्णनात चांद्याचा गोंड राजा आणि त्याचं घोडदळ-पायदळ यांची नोंद आहे. म्हणजे पायदळ होतं. मी लगेच सहा शिपाई केले. उघडं अंग, कमरेला फडकं, डोक्यात पिसं, हातात धनुष्य.

माझा एक मित्र कोलाम आहे, पोडावर राहतो. शाळेपासूनचा. तो आला, निजामशाही शिपाई एकेक उचलून बघितले, तोफेवर हसला. मग ते सहा दिसले. एक उचलून म्हणाला, “हे पिसं कुठून आनले बे?”

मी म्हटलं, सिनेमात असतात ना.

“त्या चाँदबिबीवाल्यांसाठी तू पुन्याचं पुस्तक पाह्यलं,” तो म्हणाला. “आमच्यासाठी सिनेमा?”

रागावला नव्हता, चहा पिऊन गेला. मी त्याच रात्री सहाही शिपाई थिनरमध्ये टाकले. पिसं ब्लेडनं काढली.

तेव्हापासून विचारत फिरतोय. त्याच्या आजीला विचारलं, तिनं कापडाचं नाही पण काठीचं बरंच सांगितलं, कुठलं लाकूड, किती लांब, पकडायची कुठं. तेवढं केलं, काठ्या बदलल्या. चंद्रपूरला जाऊन दरवाजे बघून आलो. त्यांच्यावर गोंड राजांचं चिन्ह कोरलंय, हत्तीवर झडप घालणारा सिंह. विजापूरच्या तोफेवर सिंहाच्या जबड्यात हत्ती आणि इथं दगडात तीच जोडी. कोणी कुणाचं बघितलं, की दोघांनी तिसऱ्याच कुणाचं, हे मला सांगता येणार नाही, पण दरवाज्याखाली उभा राहून मी मोबाइलवर वीस फोटो काढले.

त्यावरून एक निशाण झालंय. बिडीच्या पाकिटाएवढं कापड, त्यावर तीन शून्यांच्या ब्रशनं सिंह. हा मांजरासारखा नाही झाला. ते धरणारा शिपाई आणि त्याचे पाच सोबती मात्र अजून नुसत्या पांढऱ्या अस्तरात खिडकीत उभे आहेत. परवा मित्र आला तेव्हा त्यानं त्यातला एक उचलून उजेडात धरला.

“याले निदान पागोटं तं दे,” तो म्हणाला.

कसलं, विचारलं तर म्हणाला, मोठ्या काकाला विचारून सांगतो.