अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी

सकाळी ७.३०
छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासजवळ, सातारा परिसरातला दोन बेडरूमचा फ्लॅट. घर घेणाऱ्यांना ताबापत्रावर सही उद्याच, मुहूर्तावर करायची आहे. ताब्याआधीची पाहणी हेच माझं काम, म्हणून ऊन चढायच्या आत पोहोचले. मी आधी वर जात नाही, जमिनीखालच्या टाकीपाशी जाते. पैठणला नाथसागर भरलेला असला तरी आपल्या शहरात नळाला रोज पाणी नाही, आणि सातारा-देवळाईने तर कैक उन्हाळे बोअर नि टँकरवर काढले आहेत.

"मामा, बोअरला पाणी आहे का?" वॉचमनला विचारलं.

"होळीपासून आटलाय, ताई. टँकरच बोलावतो."

वहीत पहिली नोंद हीच. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, हे लेखी हवं. लोक मॉड्युलर किचन बघून घर ठरवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथे घर टाकीपासून बघावं.

८.३०
घरमालक वाळूजची रात्रपाळी उरकून थेट आले, सोबत पत्नी आणि आई. आधी कागद. भोगवटा प्रमाणपत्र मागून घेतलं; त्यात आपली विंग आणि आपला मजला आहे ना, तेही पाहिलं. हे प्रमाणपत्र नसेल तर पुढचं काही बघायची गरजच नाही. महाराष्ट्राच्या रेरा नियमांतल्या नमुना करारातही शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्रानंतर, ताब्याच्या वेळी द्यायचा असतो.

९ ते १२
सगळ्यात जास्त वेळ बाथरूमला. बादलीभर पाणी ओतून गप्प उभं राहायचं. पाणी जाळीकडे निघालं, निम्म्यात रेंगाळलं आणि दाराच्या कोपऱ्यात साचलं. बोट बुडवलं तर नख झाकलं गेलं. साइटवरचा सुपरवायझर म्हणाला, "वापरात आलं की जाईल, मॅडम." जात नाही. ढाळ चुकला की टाइल उचकटूनच दुरुस्त करावा लागतो, आणि सामान आल्यावर ते कुणी करत नाही. खडूने गोल काढला, फोटो घेतला.

मग हॉलच्या टाइलवर नाणं वाजवत फिरले. खाली माल नीट भरलेला असेल तर आवाज ठोस येतो. खिडकीजवळच्या चार टाइल पोकळ वाजल्या. प्रत्येक प्लगमध्ये चार्जर लावून पाहिला. किचनमधला एक बंद. विजेची गळती पकडणाऱ्या ब्रेकरचं टेस्ट बटण दाबलं, तो खटकन पडला. महावितरणच्या मीटरचं आजचं रीडिंग टिपलं.

१२.३०
टेप. चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. करारात तीन टक्क्यांपर्यंतच्या फरकाची मुभा असते. इथे माप जुळलं.

२.००
गच्ची. उन्हाळ्यात ओल दिसत नाही, हा या मोसमातल्या ताब्याचा मोठा धोका. भिंती कोरड्या आणि रंग ताजा, म्हणून माणूस निर्धास्त होतो. बेडरूमच्या छतावर एकाच पट्ट्यात नवा रंग होता. त्याच्या बरोबर वर, पावसाच्या पाइपच्या तोंडाशी गिलावा तडकलेला. पाणी साठवून चाचणी घ्यावी, असं लिहिलं.

४.००
बिल्डरच्या इंजिनिअरसमोर यादी ठेवली. "सही करून टाका, पाच वर्षं आमचीच जबाबदारी आहे." त्यांचं म्हणणं खरं आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. पण आज दिसणारा दोष आजच कागदावर आला पाहिजे. 'घर समाधानकारक स्थितीत मिळालं' अशी ओळ ताबापत्रात छापलेलीच असते. तिच्याखाली सही केली, की भांडायला आपल्याच हाताने अडचण करून ठेवली.

५.००
आजींचा जीव मुहूर्तात अडकला होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, तो हातचा का जावा? मलाही तो मोडायचा नव्हता. म्हटलं, "आजी, कलशपूजन उद्याच करा. सही मात्र दुरुस्ती झाल्यावर." इंजिनिअर तयार झाले. साध्या कागदावर लिहून घेतलं: 'उद्या फक्त पूजेसाठी किल्ली दिली जाईल, हा ताबा नव्हे.' खाली तारीख, दोन्ही बाजूंच्या सह्या.

६.३०
दोषांची यादी फोटोंसह बिल्डरच्या ऑफिसला ईमेल केली, त्यात घरमालकांच्या पत्नीचाही पत्ता घातला, कारण करारात पहिलं नाव त्यांचं आहे. बाथरूमच्या कामाला मिस्त्री सोमवारी येणार. मी मंगळवारी पुन्हा पाणी ओतून बघणार.