‘किती वाजले?’ विचारण्याची किंमत

घड्याळाकडे नजर टाकायला पैसे पडत नाहीत, सर्व्हरला मात्र पडतात. कॅसँड्रासारखा डेटाबेस तर प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का मारतो.

लिनक्सने यावर ‘व्हीडीएसओ’ची सोय केली आहे. वेळ वाचणारा कोड प्रोग्रामच्याच मेमरीत असतो, कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं, दार ठोठावावं लागत नाही आणि काही डझन नॅनोसेकंदांत काम उरकतं. अट एकच, घड्याळाचा स्रोत या सोयीला साजेसा हवा. ती मोडली की काय होतं पाहा: नेटफ्लिक्सचा एक कॅसँड्रा क्लस्टर (सर्व्हरचा समूह) सेंटओएस या लिनक्सवरून उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवर नेला, तेव्हा नोंदी लिहिण्याचा विलंब 30 टक्क्यांहून अधिक वाढला. तिथले अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी माग काढला, तर प्रोसेसरचा बराच वेळ ‘किती वाजले’ विचारण्यात जात होता. घड्याळाचा स्रोत होता ‘झेन’ या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आणि तो या सोयीत बसत नव्हता. तो बदलून प्रोसेसरमधला ‘टीएससी’ काउंटर लावला आणि विलंब उतरला. एवढ्या दुखण्यावर एका ओळीचा आदेश!

दुसरी युक्ती जुनीच: एकदा विचारलेली वेळ जपून ठेवायची. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर तेच करतो. लिनक्सचं ‘कोर्स’ घड्याळही स्वस्त पडतं, पण त्यात काही मिलिसेकंदांची ढिलाई असते. लॉगला ती खपते. कोणती नोंद आधीची, हे ठरवायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नये.