जंतूला जात नसते, ठपक्याला असते

रुग्णालयात औषधांना न जुमानणारे जंतू सापडले की संशयाची सुई आधी वळते ती सफाई कामगार, आया आणि वॉर्डबॉय यांच्याकडे. ‘वाहक’ हा वैद्यकशास्त्रातला साधा शब्द. पण जातीच्या देशात तो उच्चारताच कोणाचे चेहरे डोळ्यांसमोर येतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ज्यांच्या स्पर्शाने बाटले म्हणून १९२७ साली चवदार तळ्यात गोमूत्र ओतले गेले, त्यांच्याच नातवंडांच्या माथी हा शब्द बसतो आहे.

विज्ञान काय सांगते? स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू साधारण तीनपैकी एका माणसाच्या नाकात मुक्कामाला असतो आणि त्या धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही नसतो. १९५९ साली मेथिसिलिन हे औषध आले. १९६१ मध्येच त्याला दाद न देणारा प्रकार ब्रिटनमध्ये सापडला. तोच एमआरएसए. रुग्णालयात तो पसरतो मुख्यतः हातांवरून. आता एकाची जखम उघडून पाहून तसेच दुसऱ्याच्या खाटेकडे जाणारे हात झाडूवालीचे असतात काय?

१८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी जास्त मरत, सुईणींच्या विभागात कमी. सेमेलवाइस यांनी कारण शोधले. शवविच्छेदन करून डॉक्टर तसेच बाळंतिणींना तपासत होते. क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुवायला लावताच मृत्यू झपाट्याने घटले. तरी आपले हात मळलेले आहेत, हे तिथल्या प्रतिष्ठितांच्या गळी उतरले नाही. (प्रतिष्ठितांचे हे दुखणे सर्व देशांत सारखेच!)

तपासणीला आमचा विरोध नाही. ती व्हावीच, पण विभागप्रमुखापासून व्हावी. नेदरलँड्समध्ये कर्मचारी वाहक आढळला तर त्याला काही दिवस रुग्णांपासून दूर ठेवतात, नाकात लावायला मुपिरोसिनचे मलम देतात आणि पुन्हा तपासतात. आपल्याकडे कंत्राटी कामगाराला घरी बसवणे म्हणजे त्याची चूल बंद करणे. मग तो तपासणीला पुढे येईल कशाला? वाहक ठरलेल्याला भरपगारी रजा मिळाली पाहिजे, मग तो सर्जन असो की सफाई कामगार.

जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी आणि हेपेटायटीस बी व धनुर्वाताची लस, हे २०१६ च्या नियमांनी रुग्णालयांवर बंधनकारक केले आहे. त्यात कंत्राटी कामगारही आले. आपापल्या गावच्या सरकारी रुग्णालयातील या तपासण्यांच्या नोंदी कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात मागवाव्यात.