दहाच्या वर्तुळापर्यंतचा वारा

वैशाखात भिवंडी–वाडा रस्त्यावर अंबाडी नाक्याकडे जाताना पुढे डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसतं. तापलेल्या रस्त्यालगतची हवा विरळ, वरची त्यामानाने दाट. या थरांतून येताना प्रकाश वळतो आणि आभाळच जमिनीवर दिसू लागतं. वाटसरू ते मृगजळ पाहून पुढे जातो. नेमबाजाला मात्र त्या थरथरीचा अर्थ लावावा लागतो.

50 मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटर व्यासाचं. पॉइंट टू टू रायफलची गोळी तिथवर जाते ती सेकंदाच्या सुमारे सहाव्या हिश्शात. तेवढ्यात सेकंदाला एक मीटर वेगाचा आडवा वारा, उदबत्तीचा धूर कलता करण्याइतकाच, तिला अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास सरकवतो. दहाचा नऊ व्हायला तेवढं पुरतं. हजार यार्डांवर मोठ्या रायफलची गोळी दीड सेकंद हवेत असते. तिथे ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा तिला दोन मीटरहून जास्त ढकलतो.

रेंजवर 10 आणि 30 मीटरवर कापडी झेंड्या असतात. अनुभवी नेमबाजाची नजर आधी जवळच्या झेंडीवर जाते, कारण सुरुवातीलाच गोळीची वाट तिरपी झाली की ते तिरकेपण लक्ष्यापर्यंत वाढत जातं. झेंड्या निपचित असल्या तरी मिराज, म्हणजे तीच मृगजळाची थरथर, बोलतो. स्पॉटिंग स्कोप लक्ष्याच्या किंचित अलीकडे फोकस केला की हवेच्या लाटा वाहताना दिसतात. त्या डावीकडे धावल्या तर वाराही डावीकडे, आणि लक्ष्याची प्रतिमाही तिकडेच सरकलेली. लाटा सरळ वर चढू लागल्या की ‘मिराज उकळतोय’ म्हणतात. वारा पडलाय असं वाटायला लावणारा हा क्षण सगळ्यात फसवा: बऱ्याचदा पुढच्याच घटकेला वारा दिशा बदलतो. वारा जोरात सुटला की लाटा चपट्या होऊन विरतात. मग पुन्हा झेंड्यांचाच आधार.

उन्हाचा खेळ इथेच संपत नाही. विरळ हवेत गोळीला अडथळा कमी होतो, तापलेल्या काडतुसातली दारू तिला वेग जास्त देते, आणि लांब पल्ल्यावर मार वर चढतो. तापलेल्या नळीवरची हवाही नेमकी दुर्बिणीसमोर नाचते.

माझ्या मते या विद्येचा गाभा थांबण्यात आहे. वारं एक ठरवायचं, त्यानुसार साइटचे क्लिक लावायचे आणि तेच वारं परत येईपर्यंत बोट आवरायचं.

अशा वाऱ्याशी झुंजणाऱ्यांपैकीच एक, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, 2024 मध्ये शातोरूच्या रेंजवर 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने नेम धरण्याच्या प्रकाराचं) ऑलिम्पिक कांस्य जिंकला. त्याआधी, 2010 मध्ये, कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे फक्त पडून नेम धरण्याच्या प्रकारात, 600 पैकी 597 गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली आणि जगज्जेतेपद मिळवलं. साठ गोळ्यांत गेले फक्त तीन गुण. वाऱ्याची इतकी निखळ परीक्षा घेणारा हा प्रकार महिलांसाठी ऑलिम्पिकमध्ये कधीच नव्हता. पुरुषांचाही रिओनंतर वगळला गेला, याची खंत वाटते. तेजस्विनी शेवटी थ्री पोझिशनमधून टोकियोच्या ऑलिम्पिकला पोहोचली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी.